पाण्यावरचं व्याख्यान

शिलाई कारखान्यातल्या मावशी सकाळी घोटभर चहा घेत आणि मग घरी पोचेपर्यंत पाण्याला शिवत नसत. कारण साधं होतं. संडासाची किल्ली सुपरवायझरच्या कमरेला असायची आणि ती फक्त जेवणाच्या सुट्टीत सुटायची. मधेच कोणी मागितली तर तो घड्याळाकडे असा बघायचा, की मागणारीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अशा कारखान्यात मालकांनी चक्क पाण्यावर व्याख्यान ठेवलं! आहारतज्ज्ञ साहेब आले. चहा वाईट, बाटलीतली गोड पेयं त्याहून वाईट, पाणी मात्र अमृत, असं त्यांनी तासभर बायकांच्या गळी उतरवलं. "दिवसाला तीन लिटर! तुम्ही बायका पाणी प्यायचा आळस करता," असं म्हणत ते दर मुद्द्याला एक ग्लास घटाघटा पिऊन दाखवत होते.

'आळस म्हणे!' मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सहाव्या ग्लासानंतर साहेबांचा आवाज बारीक झाला आणि पायांची चुळबूळ सुरू झाली. सुपरवायझर नेमका मालकांबरोबर बाहेर गेला होता, किल्लीसकट. शेवटी साहेब पहिल्या रांगेतल्या मावशींकडे वाकून कुजबुजले, "बाई, इथं बाथरूम कुठं आहे?"

"समोरच आहे की. पण किल्ली जेवणाच्या सुट्टीत मिळते. अजून पाऊण तास आहे."

मग मावशींनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, सातवा ग्लास काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"घ्या साहेब, आळस करू नका."