स्टुलावरून दिसणारा कोपरा

जाळीच्या वरच्या पांढऱ्या पट्टीत ती गाठ अजून होती – सुतळीची, जरा जाडच. गांधीबागेतल्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्याची सोडवलेली सुतळी खिशात घालून आणून मधुसूदननेच ती कधीतरी मारली होती, टाचा उंचावून, खालून. आणि आज ती त्याच्या छातीखाली होती.

टेबलावर स्टूल, स्टुलावर आपण. वरून मैदान किती लहान दिसतं... हिवाळ्याचं ऊन चुन्याच्या रेघांवर आळसावून पडलेलं, दोन्हीकडची माणसं म्हणजे नुसती डोकी आणि सावल्या, आणि आवाज लांबच्या विहिरीतून आल्यासारखे. सकाळी दुकानात लठ्ठ्याचं कापड मोजतानाही असंच झालं होतं. मीटरपट्टी हातात तशीच राहिली आणि गिऱ्हाईक बाई म्हणाली, "झोपून राहिले का भाऊ?"

गुडघा गेला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं – उडी बंद. इतवारीच्या व्हॉलीबॉल संघात अकरा वर्षं मागच्या ओळीत खेळलेल्या माणसाने मग संध्याकाळी करायचं तरी काय? त्याने पंचाची परीक्षा दिली, पास झाला, आणि पहिलाच सामना मिळाला तो इतवारी विरुद्ध कन्हान. जाळीपलीकडे दुसरे पंच म्हणून म्हातारे देवरावजी उभे होते. तो स्टुलावर चढताना ते म्हणाले होते, "मधू, तुह्याच टीमचा सामना मुद्दाम देऊन राहिलो गा. आज जमलं तं पुढं पंच. नाही तं घरी बसून रेडिओ आयक."

घरी! बायको, कौशल्या, बिचारी चहा देते, समोर बसते. पण मैदानाशिवायच्या संध्याकाळची त्याला भीती वाटायची, अगदी लहान मुलाला वाटावी तशी.

कन्हानची सर्व्हिस उंच गेली, उन्हात क्षणभर विरघळली आणि इतवारीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरू लागली. गोविंदा मागे सरकतो आहे – अकरा वर्षं माझ्या शेजारी खेळलेला गोविंदा – आणि मी त्याच्या शेजारीच आहे, तळव्यांना गार माती लागते आहे, गुडघा शाबूत आहे, बॉलकडे पाहायचीही गरज नाही, हा बाहेर जाणार हे मला आतूनच...

"सोड!"

शिटी तोंडातून कधी गळली, कळलं नाही. गोविंदाने बॉल सोडला. मध्याने म्हटलं की सोडायचा, यावर इतवारीत कधी कोणी दुसरा विचार केला नव्हता. बॉल रेघेच्या चांगला वीतभर आत पडला आणि रेषापंचाने झेंडा खाली केला. वरून कोपरा वेगळा दिसतो, हे मधुसूदनला तेव्हा कुठे समजलं.

"पंचच खेळून राहिले का यायच्याकडून?" कन्हानचा कप्तान ओरडला. लोक फिदीफिदी हसले.

गोविंदा हसला नाही. "मध्या, तूच तं म्हटलं ना गा, सोड!"

कान तापले. देवरावजी स्वतःच्या बुटाकडे पाहत होते. मधुसूदनने दोन्ही अंगठे वर केले – पुन्हा सर्व्हिस. "चूक माझी," तो दोन्ही कप्तानांना म्हणाला. लाज वाटली, फार वाटली; पण तीही त्या उंचीवर दुसऱ्या कोणाची असावी तशी अधांतरी राहिली.

खेळ पुढे सरकला. ऊन तिरपं झालं. मग पुन्हा एक बॉल त्याच कोपऱ्याकडे आला आणि गोविंदाने, सवयीने, क्षणभर वर पाहिलं. मधुसूदनकडे. हा मात्र बाहेरच जाणार होता. आता त्याला वरूनही कळत होतं. शिटी त्याने दातांत घट्ट धरली. गोविंदाने घाईघाईने हात घातला, बॉल वेडावाकडा उडून लोकांत पडला. मधुसूदनने कन्हानकडे हात केला, गुण त्यांचा. माहीत असून गप्प बसायचं – आईशप्पथ, परीक्षेत हे कोणी विचारलं नव्हतं.

देवरावजींनी पलीकडून थोडीशी मान हलवली. जमलं म्हणायचं. म्हणजे संध्याकाळ मिळाली, उद्याची, परवाचीही... त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

तिसऱ्यांदा बॉल तिकडे वळला तेव्हा गोविंदाने वर पाहिलं नाही. मागच्या रेघेवर एक नजर टाकून तो शेजारच्या लहानूला, मधुसूदनच्या जागी आलेल्या नव्या खेळाडूला, म्हणाला, "सोड गा!" बॉल बाहेर पडला. दोघांनी टाळी दिली.

मधुसूदनने शिटी वाजवली, इतवारीकडे हात केला. सगळं अगदी बरोबर होतं. गोविंदाने एकदा तरी वर पाहावं असं त्याला इतकं वाटलं की पुढची शिटी राहूनच गेली. आणि त्याने पाहू नये, यापुढे कधीच पाहू नये, असंही तितकंच मनापासून वाटलं. इतवारीचा खेळाडू सर्व्हिससाठी बॉल घेऊन केव्हाचा थांबला होता. सगळं मैदान मधुसूदनच्या इशाऱ्यासाठी त्याच्याकडे पाहत होतं. गोविंदा तेवढा जाळीकडे बघत होता.