पाच मिनिटांसाठी सोडलेली पाठ

लाल रबराची, तोंडाला पांढरे फिरकीचे बूच असलेली एक जुनी शेकायची पिशवी आहे मी. मित्रांनो, घरात कुणाची कंबर धरली, कुणाचे पोट दुखले, की गरम पाणी भरून जी पाठीशी ठेवतात, तीच. माझ्या मानेपाशी आता बारीक भेगा पडल्या आहेत. पाणी भरले की थेंब थेंब गळते. म्हणून गेले वर्षभर मी कपाटाच्या खालच्या फळीवर पालथी पडून आहे. पडल्या पडल्या जुने दिवस आठवतात. त्यांतला एक दिवस मात्र काही केल्या मनातून जात नाही. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या साच्यात मला दाबले, कडा कापल्या, आत हवा भरून पाण्यात बुडवून पाहिले. बुडबुडा आला नाही. तपासणाऱ्या बाईंनी मला दोनदा थोपटले आणि पेटीत टाकले. आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

दुकानातून मला घेतले ते एका सोबतिणीने. सोबतीण म्हणजे काय, ते सांगायला हवे. बाळंत होणाऱ्या बाईजवळ जी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसते, ती सोबतीण. शिकलेसवरलेले लोक तिला डूला म्हणतात. ती डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे. ती औषध देत नाही, नाडी पाहत नाही. ती पाठ दाबते, घोट घोट पाणी पाजते, श्वास चुकला की आपल्या श्वासाबरोबर घेऊन चालते. आणि शेकते. शेकायचे काम माझे.

तिने जुन्या मऊ चादरीचा मला एक अंगरखा शिवला. पाणी किती गरम हवे, हे ती आधी स्वतःच्या मनगटाला मला लावून पाही. मग माकडहाडाच्या जरा वर मला ठेवी आणि वरून तळहाताने दाबून धरी. किती बायकांच्या पाठी मी पाहिल्या! "ताई, ही पिशवी काढू नका हां," असे त्या कळवळून म्हणत, तेव्हा माझा ऊर भरून येई. पण खरे सांगू? माझी ऊब अर्धीच. उरलेली तिच्या हाताची.

अशातच एका घरचे बोलावणे आले. त्या घरात सहा वर्षांची एक मुलगी होती. गोल चेहऱ्याची, ठेंगणी. सगळे तिला गुंडी म्हणत. तिच्या आईला दुसरे बाळ होणार होते, आणि बाळ येताना गुंडीने खोलीतच असावे, अशी आईची फार इच्छा होती. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनीही होकार दिला होता.

सोबतीण आधी घरी गेली. गुंडीला बाहुली घेऊन बसवले. "आई मोठ्यानं ओरडेल. जड कपाट ढकलताना माणूस ओरडतं ना, तसं," असे सांगितले. गुंडीने लगेच कपाट ढकलून, ओरडून पाहिले. कपाट हलले नाही, पण शेजारीण धावत आली. सगळे हसले.

मग सोबतीण गुंडीच्या बाबांना म्हणाली, "एक गोष्ट आत्ताच बोलून घेते. तिथे मी आईची असेन. गुंडीला तिचं स्वतःचं माणूस हवं. तिला भूक लागली, भीती वाटली, बाहेर जावंसं वाटलं, तर उठून जाणारं. त्या माणसाला दुसरं काही काम नको."

"अहो ताई, माझी बहीण आहे की. गुंडीची लाडकी आत्या. तुम्ही निर्धास्त राहा," बाबा म्हणाले.

"आणि आत्यांना काही अडचण आली तर?"

"नाही हो येत!"

सोबतीण आणखी काही विचारणार होती. पण सगळे इतके आनंदात होते, की तिने तो प्रश्न गिळला. मी तिच्या थैलीतून पाहत होते. तिचे बोट बूच फिरवावे तसे ओढणीच्या टोकाशी चाळा करत होते.

तो दिवस उजाडला. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही प्रसूतिगृहात पोहोचलो. तळमजल्यावरची खोली, एक खाट, एक खिडकी, भिंतीवर मोठे घड्याळ. आत्या गुंडीला घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. दुपारपर्यंत सारे सुरळीत चालले. गुंडी मधूनच येऊन आईच्या कपाळावरून ओला रुमाल फिरवी आणि परत आत्यांच्या मांडीवर जाऊन बसे.

मग कळा वाढल्या. आई पहिल्यांदा खरोखरच ओरडली, आणि आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला गरगरतंय," असे म्हणत त्या भिंत धरून बाहेर पडल्या, त्या अंगणातल्या बाकावर जाऊन आडव्याच झाल्या. गुंडी एकटी उरली. ती खाटेपाशी आली आणि आईचा झगा दोन्ही मुठींत धरून रडू लागली. आई तिला जवळ घेऊ शकत नव्हती, दूरही करू शकत नव्हती.

बाबा सोबतिणीकडे वळले. "ताई, पाच मिनिटं हिच्याकडे बघा ना. फक्त पाच मिनिटं. तुमचं ऐकते ती."

मित्रांनो, त्या क्षणी सोबतिणीचा हात माझ्यावरच होता. 'तुम्हीच हिला घेऊन जा,' हे शब्द तिच्या ओठांशी आले होते, हे मला ठाऊक आहे. पण समोर एक मूल रडत होते. तिच्याने 'नाही' म्हणवले नाही. मला आईच्या पाठीशी उशीने टेकवून ती गुंडीला घेऊन बाहेर गेली.

पाच मिनिटे झाली. दहा झाली. वीस झाली. आईचा हात मागे येऊन चाचपडत होता. "ताई, दाबा ना. तिथंच. ताई?" बाबांनी मन लावून दाबले, पण भलत्याच जागी. "तिथं नाही हो!" आईने त्यांचा हात झटकला. नर्स तिच्या कामात होती. मी एकटी काय करणार? माझ्यातले पाणी कोमट झाले, मग गार झाले. शेकणारी वस्तू गार पडली, की तिचे नुसते ओझे होते. मी त्या पाठीला ओझे झाले.

दार अर्धवट उघडे होते. बाहेरचे ऐकू येत होते. गुंडी सोबतिणीची ओढणी सोडत नव्हती.

"मला आत जाऊ दे बाळा. आई बोलावतेय."

"आई मरणार आहे का?"

"नाही गं! आईला काही काही होणार नाही. शपथ."

सोबतीण बाहेर गेल्याला चाळीस मिनिटे झाली, तेव्हा बाळ जन्मले. मुलगा. त्याचे रडणे ऐकून बाबा रडले आणि आई हसली. पण ते हसू टिकले नाही. पोटात बाळाला पोसणारी वार पूर्ण पडली नव्हती, तिचा तुकडा आत अडकला होता. रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी दोन शब्द भराभर सांगितले आणि एकदम खोलीत माणसेच माणसे झाली. कुणाचा तरी धक्का लागून मी खाली पडले. आईला चाकांच्या खाटेवरून ऑपरेशनच्या खोलीकडे नेले, ते थेट गुंडीच्या समोरून. चादर लाल झाली होती.

गुंडी ओरडली नाही. तिने फक्त ओढणी सोडली आणि सोबतिणीकडे पाहिले.

आई वाचली. बाळ सुखरूप राहिले. डॉक्टरीणबाईंनी वेळेवर सारे सांभाळले. पण त्या संध्याकाळी सोबतीण निघाली, तेव्हा आपली थैली नीट भरायचेही तिला सुचले नाही. मी खाटेखालीच राहिले. बाबांनी कपड्यांबरोबर मला उचलून नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोबतीण प्रसूतिगृहात आली, तेव्हा मी गुंडीच्या मांडीवर होते. रिकामी, चपटी. बाहेरच्या बाकावर ती मला घट्ट धरून बसली होती. आत्या शेजारीच होत्या. सोबतिणीला पाहताच त्यांनी मान खाली घातली.

"ही गार झाली होती," गुंडी म्हणाली.

"हो."

"मी तुला बाहेर ओढलं म्हणून. म्हणून आईला रक्त आलं ना?"

सोबतीण खालीच बसली, गुंडीच्या पायाशी. रात्रभर हे पोरगे हा विचार उराशी धरून होते! तिने गुंडीचे दोन्ही हात धरले. "नाही. ते तुझ्यामुळं नाही झालं. पण हे मी सांगून तुला पटायचं नाही. मी डॉक्टर नाही. चल, ज्यांना माहीत आहे त्यांनाच विचारू."

दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी गुंडीला खुर्चीत बसवले आणि कागदावर चित्र काढून दाखवले. वार कशी असते, कशी अडकते. "ताई आत असत्या, तू घरी असतीस, तरी हे झालंच असतं," त्या म्हणाल्या. गुंडीने चित्र खूप वेळ पाहिले. मग सोबतिणीला म्हणाली, "पण तू शपथ घेतली होतीस."

"चुकलं माझं. मला माहीत नसताना मी बोलले."

"मग काय बोलायचं होतं?"

"मला माहीत नाही, असंच म्हणायचं होतं. आणि तुझ्या बाबांना बाहेर बोलवायचं होतं."

गुंडीने मान हलवली. माफ केले की नाही, ते तिने सांगितले नाही. तिने फक्त मला परत केले.

आई खाटेवर पडून होती, ओठ सुकलेले. ती चिडली नाही. चिडली असती तर बरे झाले असते. ती हळू आवाजात म्हणाली, "पोर रडत होती, मला सगळं कळतंय ताई. पण मी तुम्हाला माझ्यासाठी बोलावलं होतं. मी मागं हात नेत होते आणि तिथं कुणी नव्हतं."

सोबतीण "हो" म्हणाली.

त्यानंतर ती बदलली. लहान भावंड खोलीत असणार असेल, तर आधी दोन माणसे ठरवल्याशिवाय ती हो म्हणत नसे. एक मुलासाठी, आणि त्या माणसाला जमले नाही तर दुसरे. दोघांना समोर बसवून ती विचारी, "बाळ यायच्या ऐन वेळी मूल म्हणालं, मला बाहेर जायचंय, तर उठाल?" काही जणांना हे खोचक वाटे.

एकदा दोन्ही माणसे आली नाहीत. चार वर्षांच्या मुलाने भोकाड पसरले, आणि त्याचे वडील म्हणाले, "ताई, पाच मिनिटं घ्या ना याला." माझ्यावरचा हात या वेळी हलला नाही. "नाही दादा. मी इथून उठणार नाही. तुम्ही त्याला घेऊन बाहेर जा." ते गेले, आणि त्यांचे बाळ त्यांच्या माघारी जन्मले. ते तिला म्हणाले, "माझ्या लेकीचं पहिलं रडणं मी दाराबाहेरून ऐकलं. तुमचं काळीज दगडाचं आहे." त्या घरच्या आईने मात्र जाताना सोबतिणीचा हात बराच वेळ सोडला नाही. घरी आल्यावर सोबतीण मला उलटी करून पाणी ओतत होती. पाणी संपले तरी ती तशीच उभी होती. बरोबर वागून माणसाला लगेच शांत झोप लागते, असे मला वाटत होते. तसे नसते.

आता तिच्याकडे विजेवर तापणारी गादी आली आहे. ती गळत नाही. मला टाकून दिलेले नाही, एवढेच काय ते माझे भाग्य. पण माझी विनवणी माझ्यासाठी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी नवे बाळ येणार असेल, तर मोठी माणसे शंभर तयाऱ्या करतील. कपडे घडी घालतील, गाडी सांगून ठेवतील, आईजवळ कोण बसणार ते ठरवतील. त्या धांदलीत तुम्हाला कुणाच्या तरी हाती पाच मिनिटांसाठी सोपवले जाईल, आणि त्यात कुणाचा वाईट हेतूही नसेल. म्हणून तुम्हीच आधी विचारा, "माझ्याजवळ कोण बसणार?" नाव सांगेपर्यंत विचारा. आणि त्या माणसाला जाऊन सांगा की तुम्हाला भीती वाटते. कुणी हट्टी म्हटले, तर म्हणू द्या.