सत्यवान तांडेलाच्या तीन शाळा

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझा जन्म विलायतेतला. आगबोटीतून मी मुंबईला उतरले, तेव्हा गोदीतली माणसं माझ्या बॉनेटमध्ये तोंड बघून भांग पाडत असत. मालवणात आले त्या दिवशी माझ्यामागे लागलेल्या कुत्र्यांची रांग बंदरापासून थेट कोळंबपर्यंत पोचली होती. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्यांना विचारा. दहा वर्षं मी एका डॉक्टरांकडे होते. रोज सकाळी ओल्या फडक्यानं अंग पुसणं, दसऱ्याला झेंडूची माळ, असे माझे लाड.

मग डॉक्टर वारले आणि मला आबांनी विकत घेतलं. आबा माणूस हुशार, पण मोटारीला बैल समजणारा. सकाळी त्यांनी मला साल्वादोरच्या ड्रायव्हिंग स्कूलला जुंपलं आणि दुपारी गंगारामच्या. साल्वादोर माझ्या कपाळावर आपली लाल पाटी तारेनं बांधायचा. जेवणवेळ झाली की गंगाराम ती सोडून हिरवी बांधायचा. दोघांचा एकमेकांशी अबोला. दोघेही शिकायला येणाऱ्याला सांगायचे, "त्या दुसऱ्याकडे जाऊ नको. त्याची मोटार मोडकी आहे." आणि मी तिथंच उभी असायचे हो, ऐकत!

तेही मी सोसलं. पण अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात सत्यवान तांडेल माझ्यात येऊन बसला आणि माझ्या सोसण्याला धरबंध उरला नाही.

या सत्यवानानं वीस वर्षं मचव्याचं सुकाणू धरलं होतं. अंधारातून, वादळातून मचवा आणायचा आणि खडकाला धक्का लावायचा नाही. पण त्या वर्षी नांगरावर असलेला तोच मचवा दोर तुटून खडकावर फुटला. नेमकी तेव्हा मच्छीमारांच्या सोसायटीनं घाटावर मासे न्यायला लॉरी घेतली होती. नारळी पौर्णिमेच्या आत लायसन मिळालं तर ड्रायव्हरची जागा सत्यवानाची. नाहीतर मुंबईला जाऊन कुणाच्या तरी लाँचवर खलाशी. मुंबईला गेलेला माणूस गणपतीला घरी येतो तोही पाहुण्यासारखा, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची बायको सुभद्रा हिला त्याहून जास्त.

पहिल्याच दिवशी साल्वादोर म्हणाला, "डावीकडे घे." सत्यवानानं मला उजवीकडे घातलं, शाकारून ठेवलेल्या होडीच्या झावळ्यांत.

"अरे, डावीकडे रे! जेवतंस तो उजवो, दुसरो तो डावो!"

"माका डावो-उजवो कळता, साल्वादोरबाब. तुझी मोटार माझा आयकना नाय."

ऐकत नाही? मित्रांनो, मी इतकी ऐकते की जांभई देताना हात हलला तरी वळते! पण सत्यवान रोज तेच करायचा. डावीकडे म्हटलं की उजवीकडे, उजवीकडे म्हटलं की गटारात. आठवड्याभरात रस्त्यावरचे खेकडेसुद्धा आमची लाल पाटी बघून माडावर चढायला लागले. शेवटी त्यानं मला स्वतःच्याच परसातल्या माडावर घातलं. माझा उजवा दिवा निखळून लोंबायला लागला. सुभद्रा हातातला कोयता घेऊन बाहेर आली.

"ह्यो माड तुमचा काय करी होतो?" ती नवऱ्याला म्हणाली. मग सुस्कारा सोडून तिनं काथ्याच्या दोरीनं माझा दिवा जागच्या जागी बांधून दिला, गाठीवर गाठ मारून. इतक्या मायेनं डॉक्टरांनंतर मला कुणी हात लावला नव्हता.

"ही मोटारच खट्याळ," सत्यवान म्हणाला. "उद्यापासून मी गंगारामाकडे जातंय."

साल्वादोरनं आकाशाकडे बघून छातीवर क्रूस काढला. त्याला वाईट वाटलं की बरं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यवान गंगारामकडे आला. समोर हिरवी पाटी लावून मी उभी. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही बरी आसा. गरीब दिसता. पण हिचो पण दिवो बांधलेलो!"

"मोटारींचे दिवे असेच असतात," गंगाराम घाईघाईनं म्हणाला.

मी इतकी चिडले की माझा हॉर्न आपोआप वाजला. गंगारामला तो शुभशकुन वाटला. त्यानं माझ्या चाकाखाली नारळ फोडला आणि हळूच म्हणाला, "सत्यवाना, डावीकडे." आम्ही उजवीकडच्या चहाच्या दुकानात गेलो. चहावाल्यानं, आता आलातच तर, म्हणून दोन कप पुढे केले.

रोग कुठे होता, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचे हात माझ्याच स्टेअरिंगवर होते ना! पण मोटारीला विचारतो कोण?

नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली. इन्स्पेक्टरसाहेब परीक्षेला येणार होते त्याला चारच दिवस होते. सत्यवान घरी म्हणाला, "आता कुडाळाक जातंय. थंयसर नवी शाळा निघाली हा." या वेळी सुभद्राही निघाली. एस.टी.नं दोघं कुडाळला उतरली आणि शाळेच्या दाराशी मोटारीची वाट बघत उभी राहिली.

आता मी काय सांगू, मित्रांनो? त्या दिवशी कुडाळचा बाजार होता. आणि बाजारादिवशी आबा मला कुडाळच्या शाळेलाही द्यायचे. कपाळावर पिवळी पाटी लावून, धूर सोडत मी वळणावरून आले.

सत्यवानाचा चेहरा फुलला. "बघ, ही खरी मोटार!"

सुभद्रा पुढे आली, वाकली, आणि माझ्या दिव्याची दोरी तिनं बोटात धरली.

"ही गाठ माझी."

"तुझी कशी असात?"

"जाळ्याची गाठ आसा. मीच मारलंय. तुमच्या लाल शाळेच्या वेळाक, आपल्या परसात." मग ती ताठ उभी राहिली. "अवो, तीन शाळा केलास, मोटार एकच. मगे खोट खंय आसा?"

सत्यवान खाली बघत राहिला. मुंबई आता अगदी त्याच्या पायाशी आली होती.

"बसा," ती म्हणाली. "मी मागे बसतंय."

ती मागे बसली. शाळेचा मास्तर "डावीकडे" म्हणाला. सत्यवानानं स्टेअरिंगचा वरचा भाग धरून हात उजवीकडे ढकलला, आणि सुभद्रा ओरडली, "थांबवा! तुमी अजून मचव्यारच बसलास! सुकाणू उजवीकडे ढकललास काय मचवा डावीकडे जाता. ह्या सुकाणू न्हय!"

"वीस वर्षांचो हात आसा, सुभद्रा. तो माझा आयकना नाय."

तिनं पुढे वाकून त्याचे हात बघितले. "मगे हात तोच ठेवा. चाक वर धरू नकात, खाली धरा."

त्यानं खालून धरलं. सवयीनं हात उजवीकडे ढकलला आणि मी, देवाशप्पथ, डावीकडे वळले! त्या दिवशी आम्ही बाजारातल्या गाडग्यामडक्यांमधून गेलो, पण एक मडकं हललं नाही.

परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब शेजारी बसले आणि सत्यवानाचे हात बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही कसली पद्धत? हात वर घ्या."

सत्यवानानं हात हलवले नाहीत. "साहेब, हात वर घेतले तर मोटार गटारात जाईल."

"आणि खाली ठेवले तर?"

"तुम्ही सांगाल तिथे."

साहेबांनी त्याला मासळीबाजाराच्या बोळातून नेलं, उलटं फिरवलं, दोन बैलगाड्यांच्या मधून काढायला लावलं. सत्यवानानं मला मचव्यासारखं अलगद किनाऱ्याला लावलं. साहेब खाली उतरले, डोकं हलवत म्हणाले, "असलं मी कुठे बघितलं नाही," आणि कागदावर सही केली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या सुभद्रेनं पदरानं तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती, ते मला बांधलेल्या दिव्याच्या बाजूनं नीट दिसलं नाही.

पौर्णिमेला सत्यवान लॉरीवर चढला. मुंबई राहिली मुंबईला. पण तो लोकांना सांगतो काय? म्हणतो, "शाळा शिकची तर कुडाळचीच! मोटार तीच, पण कुडाळचा पाणी पोटात गेला आणि सुधारली!"

मी सुधारले! मी!

मित्रांनो, आता माझी चाकं काढून मला आबांच्या परसात ठेवलं आहे. तुमच्या घरी सायकल असेल, शिवणाचं मशीन असेल. ते ऐकत नाही असं वाटलं, तर त्याला लाथ घालू नका आणि लगेच दुसरं आणायलाही धावू नका. कुणातरी जाणत्या माणसाला आधी मागे बसवा आणि स्वतःचे हात दाखवा. आणि माझ्याकडे आलात तर फडकं घेऊन या, पण दार हळू लावा. मागच्या सीटवर आबांची कोंबडी अंड्यांवर बसली आहे, आणि ती माझ्याहूनही चिडकी आहे.