न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

रफूगराचं काम चांगलं झालं की ते दिसत नाही, आणि दिसलं की ते चांगलं नसतं. अशा धंद्याची जाहिरात कशी करायची, हा प्रश्न त्याला उभ्या जन्मात पडला नव्हता, कारण ती काळजी लाँड्रीवाल्याची होती. गिऱ्हाईक लाँड्रीत भोक पडलेला कपडा टाकायचं आणि भोक नसलेला घेऊन जायचं. मागच्या खोलीत भिंगाखाली मान मोडून कोण बसलंय, हे कुणी विचारलं नाही आणि लाँड्रीवाल्याने आपणहून सांगितलं नाही. मग लाँड्रीवाला म्हातारा झाला, दुकान विकून मुलाकडे गेला, आणि रफूगर पलीकडच्या गल्लीत छोटा गाळा घेऊन बसला. बसला म्हणजे नुसताच बसला. माशा माराव्यात म्हटलं तर तिथे माशाही फिरकत नव्हत्या.

ठरलं असं होतं की वर्षअखेरीपर्यंत धंदा उभा राहिला नाही, तर गाळा सोडायचा आणि तयार कपड्यांच्या दुकानात बटणं लावायला जायचं. बटणं लावण्यात वाईट काही नाही. पण ज्याने जळालेल्या कापडात धाग्याला धागा विणून कापड परत आणलं, त्याला बटण लावायला सांगणं म्हणजे गवयाला घंटा वाजवायला बसवण्यासारखं आहे. हे त्याच्या लेकीलाही कळत होतं. तिने वाचनालयात लहान धंदेवाल्यांसाठी भरणाऱ्या वर्गात नाव घातलं आणि तिथे शिकलेलं गरम गरम बापाला वाढायला सुरुवात केली.

"बाबा, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं."

"मी काय बोलू? भोक होतं, आता नाही. झालं की बोलून."

पहिला धडा होता, आपलं काम काचेत मांडा. त्याने रफू केलेलं एक जाकीट काचेत टांगलं. लोक थांबले, जाकीट पाहिलं आणि मोठ्या मापात मिळेल का म्हणून विचारून गेले. लेक हसली नाही. तिने दुसऱ्या जाकिटाला भोक पाडलं आणि बापाला ते अर्धंच भरायला लावलं. आता अर्धं भोक दिसत होतं आणि अर्धं नाहीसं झालं होतं. लोक काचेला नाक लावून बघू लागले. हळूहळू कपडे यायला लागले, आणि पोरीला धंद्यातलं कळतं हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं. तोंडाने मात्र "बघू" एवढंच म्हणाला.

दुसरा धडा, येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचं, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हे काम लेकीने स्वतःकडे घेतलं. तिसरा धडा लेबलांचा. अंगठ्याएवढी पांढरी पट्टी, तिच्यावर त्याचं नाव, खाली 'हातरफू', त्याखाली फोन नंबर. प्रत्येक कपड्याला आतून लावायची. पट्ट्या छापून आल्या त्या दिवशी त्याने एक भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिला. स्वतःचं नाव त्याने कामावर आजवर कधी पाहिलं नव्हतं.

मग एक बाई कोट घेऊन आली. छातीवर, कॉलरच्या खाली, इस्त्रीने भोक पाडलं होतं.

"लाँड्रीत टाकलाय असं घरी सांगितलंय," ती म्हणाली. "ह्यांना कळता कामा नये. कळलं तर माझी धडगत नाही."

"नाही कळणार."

त्याने कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढले आणि एकेक विणत गेला. काम संपलं तेव्हा भिंगाशिवाय त्याला स्वतःलाही जागा सापडेना. आयुष्यातलं सर्वात चांगलं काम, आणि ते कुणाला कधीच कळणार नव्हतं. बाई काय म्हणाली ते त्याला पक्कं आठवत होतं. तरी त्याने लेबल घेतलं आणि आतल्या खिशाच्या अस्तराला शिवून टाकलं. आतल्या खिशात कोण वाचत बसतंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. झाकली मूठ होती, ती त्याने आपल्या हाताने उघडली.

काही दिवसांनी कोटाचा मालक आला. आवाज मऊ, कोट हातावर नीट घडी घातलेला.

"हे तुमचंच नाव ना? कोटाला काय झालं होतं? बायको म्हणते, मी लाँड्रीत टाकला होता, मला काही माहीत नाही. मला घरात लपवाछपवी चालत नाही."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. रफूगराने कोट टेबलावर पसरला आणि डाव्या हाताचा अंगठा सहज टेकल्यासारखा छातीवर टेकला, कॉलरच्या बरोबर खाली.

"बरोबर आहे साहेब, लाँड्रीतूनच आला," तो म्हणाला. "धुताना खिशाचं अस्तर उसवलं होतं."

"कुठं? दाखवा."

त्याने ब्लेड घेऊन लेबल उसवलं. गुळगुळीत अस्तरावर त्याच्याच सुईची भोकं ओळीने उमटली होती. "हे इथं."

माणसाने भिंग मागून घेतलं, वाकून पाहिलं आणि त्याला हसू आलं.

"अहो, हे तर सगळं दिसतंय! ह्याला रफू म्हणता? आणि वर नाव लावून मिरवता? जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगेन, इकडे फिरकू नका म्हणून."

"चुकलं साहेब," रफूगर म्हणाला.

माणूस कोट घेऊन गेला तो खुशीत गेला. रफूगराला मात्र फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते भिंग पुसायच्या फडक्याने त्याने टिपलं.

"बाबा, त्याला वाटलं तुम्हाला काम येत नाही."

"वाटू दे."

त्याने लेबलांचा डबा उचलून माळ्यावर टाकला. तो माणूस बोलल्याप्रमाणे वागला असावा, कारण त्यानंतर दुकान पुन्हा ओस पडलं. वर्षअखेर जवळ येत होती. लेकीने बटणं लावायच्या कामाबद्दल विचारायचं टाळलं आणि त्यानेही विषय काढला नाही.

आणि एका दुपारी एक अनोळखी बाई आत आली. तिने रस्त्याकडे पाहिलं आणि मग पिशवीतून लोकरी शाल काढली. शालीला जळालेलं भोक होतं.

"सासूबाईंची आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही लेबल लावत नाही ना?"

"कसलं लेबल?" रफूगर म्हणाला.

लेकीने सवयीने विचारायला तोंड उघडलं, "आमच्याबद्दल कुठून..."

बाईने शाल घट्ट धरली. लेकीने बापाकडे पाहिलं, मग बाईकडे, आणि प्रश्न तिथेच सोडून दिला.

"बसा ना," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.