पेंटरचे निदान

मी एक जुनी काच आहे. पण मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर आरसाच म्हणाल आणि माझ्यासमोर उभे राहून भांग पाडाल. त्यात तुमची चूक नाही. माझी एक बाजू आरशाचीच आहे. मात्र दुसऱ्या बाजूला दिवे मालवून कोणी बसले, तर त्याला माझ्यातून आरपार दिसते. अशी दुतोंडी काच घरात कोणी लावत नाही. मला लावले ते मनाच्या आजारांच्या दवाखान्यात, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू वितळली, पसरली, निवली आणि मी झाले. मग माझ्या एका अंगावर धातूचा अगदी पातळ थर चढवला. कारखान्यातल्या माणसाने मला उजेडासमोर धरले आणि जोडीदाराला म्हटले, "ही चोरून बघणाऱ्यांच्या कामाची." ते ऐकून मी शरमले. दवाखान्यात पोचेपर्यंत तोच शब्द माझ्या मनात सलत होता.

माझ्या उजेडाच्या बाजूला लहानशी खोली होती. तीन खुर्च्या, बुटके टेबल, फिक्या रंगाचा पडदा. अंधाराच्या बाजूला बाके होती. त्यांवर विद्यार्थी बसत. मनाचा आजार कसा ओळखायचा, हे त्यांना शिकायचे होते आणि ते नुसत्या पुस्तकातून येत नाही. खरी माणसे पाहावी लागतात. छताजवळ एक स्पीकर होता. उजेडातले बोलणे त्यातून अंधारात पोचे.

त्यांना शिकवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. निदान त्या करत आणि त्यांची सही पाहून पलीकडच्या खोलीतले डॉक्टर औषध देत. उंच, खांद्यांत वाकलेल्या, आवाज कायम बसलेला. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "या काचेमागे माझी मुलं बसलीत. शिकतायत. नको असेल तर सांगा, त्यांना बाहेर काढते." काही जण नको म्हणत. मग बाके खरोखरच रिकामी होत. ते पाहिले आणि माझी शरम गेली. चोरून बघणे वेगळे आणि सांगून बघणे वेगळे.

किती दुःख माझ्यासमोर बसून गेले म्हणून सांगू. हात धुऊन धुऊन ज्यांच्या तळव्यांची साले निघाली होती, असे एक हिशेबनीस आले होते. खुर्चीला हात लागला तरी ते खुर्चीची माफी मागत. एक मुलगी वाळून काडी झाली होती, पण माझ्यात पाहून आपले दंड चिमटीत धरायची आणि म्हणायची, "बघा ना, किती सुटलेत." मी तिला खरे तेच दाखवत होते. तिला ते दिसत नव्हते. आरशाच्या जन्माला येऊन इतकी हतबल मी कधी झाले नव्हते.

एकदा एका नवऱ्याने बायकोला आणले. आळशी झाली आहे, दिवसभर पडून असते, अशी त्याची तक्रार. काचेमागची मुले लगेच कुजबुजली, "उदासीनतेचा आजार." मॅडमनी त्या बाईला एवढेच विचारले, "एवढ्या उकाड्यात तुम्ही स्वेटर का घातलाय?" मग तिचा गळा चाचपला आणि रक्त तपासायला पाठवले. दोष गळ्यातल्या ग्रंथीचा निघाला. त्या दिवशी मॅडम मुलांना म्हणाल्या, "आजाराचं नाव शेवटी घ्यायचं. नाव आधी घेतलंत की कान बंद होतात."

मुले ते वहीत लिहून घेत. पण लिहिणे आणि अंगी बाणणे यांत अंतर असते.

त्यांच्यात एक मुलगी होती. तिला सगळे पोपट म्हणत. कोणत्याही आजाराचे नाव घ्या, त्याची सगळी लक्षणे ती एका दमात म्हणून दाखवी. नखे कुरतडलेली, डोळे जागरणाने ओढलेले. मनाने वाईट नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. कोणी रडू लागले की अंधारात तिचाही ओठ थरथरे. पण उत्तर चुकण्याची तिला फार भीती होती, म्हणून ती प्रत्येक उत्तराकडे धावत सुटे.

हिवाळा सुरू होताना एक पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, टक्कल पडलेला, रुंद हाडाचा माणूस. सोबत बायको होती. अंधाराच्या खोलीचे दार उघडे राहिले होते आणि आतून कोणीतरी विचारले, "आजची केस आली का?" पेंटरने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आली. पण टकल्याला केस म्हणणं ही थट्टाच झाली." मुले हसली. तो हसला नाही.

मॅडमनी त्याची परवानगी घेतली आणि तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणे आले. जाताना त्या पोपटला म्हणाल्या, "तू बोलायला सुरुवात कर. निदान मी आल्यावर." पोपट पहिल्यांदाच एकटी उजेडाच्या बाजूला बसली.

"झोप लागते का?" तिने विचारले.

"पहाटेआधी डोळा उघडतो. मग छताकडे बघत पडतो. छताला रंग हवाय, हे कळतं. पण उठवत नाही."

"जेवण?"

"ही ताट पुढे ठेवते, तेव्हा जेवतो."

"आणि काम?"

पेंटरने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "ब्रश धरला की वाटतं, हा हात दुसऱ्याच कोणाचा. ताई, मी पंधरा वर्षांचा असल्यापासून रंगात आहे. आता रंगाचा वास आला तरी रडू येतं."

पोपट मायेने विचारत होती. मरणाचे विचार येतात का, हेही तिने न घाबरता विचारले. लक्षण विचारायचे, त्यापुढे मनात खूण करायची, असे चालले होते. सगळ्या खुणा जुळल्या. तिच्या चेहऱ्यावर हलकासा उजेड आला.

ती दोघे उठली. पेंटर बाहेर गेला. बायको मात्र दारात थांबली.

"ताई, एक सांगायचं होतं. यांचं हे असं मिटून बसणं मी आधीही पाहिलंय. पण त्याच्या आधी ना, सगळं उलटंच..."

पोपटची नजर घड्याळाकडे गेली. "पुढच्या वेळी सविस्तर बोलू हं. डॉक्टर निघायच्या आत औषध लिहून घेऊ या."

"बरं," बायको म्हणाली. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले आणि ती गेली.

अंधारात मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "ती उलटं म्हणाली का?"

"लक्षणं सगळी बसलीत," शेजारचा म्हणाला. "उगाच फाटे फोडू नकोस."

मॅडमना वॉर्डातून सुटायला उशीर झाला. आल्या तेव्हा बाहेर रांग लागली होती. त्यांनी पोपटने लिहिलेल्या निदानावर उभ्या उभ्या सही केली. डॉक्टरांनी सही पाहून मनाला उभारी आणणारे औषध दिले.

मित्रांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या. काही माणसांचे मन एकाच टोकाला जात नाही. कधी ते खोल बुडते आणि कधी भलतेच उंच उसळते. उसळलेल्या मनाला झोप नको, थांबणे नको, भीती तर नकोच. अशा माणसाचे नुसते बुडणे पाहून उभारीचे औषध दिले, तर कधी कधी मन काठावर न थांबता थेट दुसऱ्या टोकाला जाते. म्हणून बुडालेल्या प्रत्येकाला विचारायचे असते, याआधी कधी उलटे झाले होते का? पोपटला हा नियम पाठ होता. पण तिचे उत्तर आधीच तयार झाले होते.

काही आठवड्यांनी पेंटर पुन्हा आला. दार ढकलून आला. अंगात पिवळाधमक शर्ट.

"ताई, तुमच्या हाताला गुण आहे हो! कुठे होतो मी इतके दिवस? ही काच मला द्या. हिच्यावर असा देखावा काढतो की मागची पोरं अभ्यास विसरतील. बाहेरची भिंतही देऊन टाका. गावच रंगवायला काढू."

बाकांवर हशा पिकला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ज्याला महिनाभरापूर्वी खुर्चीतून उठवत नव्हते, तो माणूस खोलीभर फिरत होता. पोपटचे डोळे आनंदाने भरून आले.

बायको हसत नव्हती. तिचा चेहरा जागरणाने सुजला होता. "ताई, हे झोपतच नाहीत."

"झोपून कोणाचं भलं झालंय?" पेंटर म्हणाला आणि पुन्हा हशा झाला.

"इतक्या दिवसांची मरगळ होती," पोपटने तिची समजूत काढली. "थोडा उत्साह येणारच."

तेवढ्यात मॅडम अंधाराच्या खोलीत आल्या. त्या उभ्याच राहिल्या. त्यांचा तळवा माझ्यावर टेकला.

"हा असा कधीपासून आहे?"

"बरा झालाय, मॅडम," मुले म्हणाली.

मॅडम वळल्या आणि अक्षरशः धावल्या. पण माझ्या एका बाजूकडून दुसरीकडे जायला बाहेरून वळसा घालावा लागे. मी मध्ये नसते तर त्या दोन पावलांत पोचल्या असत्या. त्या आत आल्या तेव्हा पेंटर निघून गेला होता. पाण्याच्या टाकीवर आभाळाएवढी पाटी काढायची आहे, म्हणाला होता. त्याची बायको त्याच्या मागे धावली होती.

"आधी कधी असं झालं होतं का, हे विचारलं होतंस?" मॅडमनी विचारले.

पोपटने दाराकडे पाहिले, जिथे त्या दिवशी बायको थांबली होती.

माणसे पाठवली. टाकी दूर नव्हती. पाटीचे काम त्याला कोणीही दिलेले नव्हते. रंगाचा डबा घेऊन तो शिडीने वर चढला होता, खालून बायको हाका मारत होती आणि तो तिला वरून हात हलवून दाखवत होता. माणसे पोचायच्या आधी त्याचा पाय सुटला. डबा वर राहिला. पेंटर खाली आला.

त्यानंतर कित्येक दिवस माझ्या उजेडाच्या बाजूला कोणी बसले नाही. पोपट येई, अंधारातल्या बाकावर एकटीच बसे आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राही. शिक्षण सोडते म्हणाली. मॅडम तिला म्हणाल्या, "सही माझी होती. सोडायचं तर दोघींनी सोडायला हवं. पण त्याआधी तिला भेटू."

पेंटरची बायको आली. मॅडमनी अंधाराच्या खोलीला कुलूप लावले आणि तिला तसे सांगितले. मग म्हणाल्या, "आमची चूक झाली." कारणे दिली नाहीत.

बायकोने पोपटकडे पाहिले. "त्या दिवशी माझं ऐकलं असतं, तर ते वाचले असते?"

"वेगळं औषध दिलं असतं," मॅडम म्हणाल्या. "वाचण्याची शक्यता पुष्कळ होती."

"हो," पोपट म्हणाली. "वाचले असते."

मला वाटले, ही आता ओरडेल, काहीतरी फेकेल. मी काच असूनही वाट पाहत होते. पण ती हळूच म्हणाली, "मग आता ऐका."

आणि तिने दारात तुटलेले बोलणे पुरे केले. दोन वर्षांमागे तिचा नवरा रात्र रात्र जागून गल्लीतल्या सगळ्या शटरांवर मोर काढत सुटला होता, कोणालाही न विचारता. लोक आधी हसले, मग मारायला धावले. तिने दारोदार जाऊन माफी मागितली. मग तो एकाएकी विझला, चुलीत पाणी ओतावे तसा. "एवढंच सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "लाज वाटत होती, म्हणून शेवटी सांगायला घेतलं."

पोपट रडत होती, पण मान खाली घातली नव्हती.

"आता हे तुमच्या पोरांना शिकवाल?" बायकोने विचारले.

"तुम्ही हो म्हणालात तरच."

"शिकवा. पण आजाराचं सांगताना त्यांच्या हाताचंही सांगा. पट्टीशिवाय सरळ रेघ मारायचे ते."

मित्रांनो, पोपटने शिक्षण सोडले नाही. मॅडम गेल्यावर तीच शिकवू लागली. दरवर्षी ती पेंटरची गोष्ट मुलांना सांगे. आजार सांगायच्या आधी त्याच्या सरळ रेघेबद्दल सांगे. तिला पोपट म्हणणारे कोणी उरले नाही. रुग्णाला सोडायला ती स्वतः दारापर्यंत जाई आणि सोबतचे माणूस पुरते बोलून होईपर्यंत उंबऱ्यातच उभी राही. बाहेर रांग खोळंबे. लोक कुरकुरत. ती हलत नसे.

पुढे भिंतीत कॅमेरा आला आणि पडद्यावर चित्र दिसू लागले. मला काढून अडगळीच्या खोलीत ठेवले. माझ्यावरचा थर आता जागोजागी निघाला आहे. ना धड आरसा, ना धड काच, अशी मी मोडक्या पलंगांमागे उभी असते. कोणी पुसत नाही. त्याचे मला फारसे वाटत नाही.

वाटते ते तुमच्याबद्दल. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कोणी मिटून बसेल, कोणी भलतेच उसळेल. त्याला चटकन आळशी, नाटकी, वेडा असे नाव देऊन मोकळे होऊ नका. जाणत्याकडे न्या आणि तुम्ही स्वतः जाणते झालात, तर त्याच्या माणसांचे शेवटपर्यंत ऐका. कठीण गोष्ट माणूस निघताना सांगतो, दारात, चाचरत. तेव्हा घड्याळाकडे बघू नका.

मी काच आहे. त्या दिवशी सगळे पाहूनही मला काही सांगता आले नाही. पण ती बाई तर सांगत होती.