चैत्रालीची चौकशी

फुकट कोणी काही देत नाही, हे माझं ठाम मत. त्यामुळे वंशभेदावर अभ्यास करायला एक फाउंडेशन आपल्याला दोन वर्षं फेलोशिप देतंय, असं चैत्राली म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लोकांची दुखणी ऐकायचे पैसे? कोण देतं हो?

तिला माझ्या नवऱ्याचं, रविंद्रचं ऐकायचं होतं. मार्चमध्ये इथे आयर्लंडात, लिमरिकच्या एका बसस्टॉपवर चार पोरांनी त्याला 'गो होम' ओरडत ढकललं होतं, मनगट मोडलं. तो पोलिसांत जायला निघाला होता, मीच अडवलं. नागरिकत्वाचा अर्ज अजून आत पडून आहे, कशाला उगाच कुठल्या कागदावर नाव? पण तो आतल्या आत धुमसत राहिला, आणि शेवटी मला न विचारता त्याने हिला घरी बोलावलं.

मग मीही उलटतपासणी घेतली. नाव छापणार का? नाही. रेकॉर्डिंग कोण ऐकणार? फक्त ती आणि तिचे गाईड. मूळ गाव कुठलं? आणि आडनाव काय म्हणालीस?

आडनाव ऐकलं आणि मला कळायचं ते कळलं. अस्सं! म्हणजे हे सगळं इथेही आलंच का, मनात म्हटलं.

तरी चहा केला. आम्हा दोघांना मगमध्ये ओतला. तिला कागदी कपात दिला, मुलीच्या वाढदिवसाचे उरले होते. मुद्दाम नाही हो, हात आपोआप तिकडेच गेला.

रविंद्र बोलायला लागला. "मला कुणी काही विचारलंच नाही गं. नुसतं तोंड बघितलं आणि ठरवून टाकलं, हा कोण ते." आणि तो रडला. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझा जीव नुसता कळवळला. मेले कुठले, हात झडोत त्यांचे!

चैत्रालीने त्याचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. चहाला तिने हात लावला नव्हता. मग माझ्याकडे वळली.

"ताई, तुमचंही नोंदवून घेऊ का?"

"माझं कसलं? माझ्यावर कुठं काय झालंय?"

"तुमच्यावर नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्याकडून."

मी काही बोलणार, तेवढ्यात रविंद्रने टेबलावरच्या दोन मगांकडे आणि त्या कागदी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घे," तो तिला म्हणाला. "हिचंही घे."