नऊ ते चौदा ही पानं

व्हर्ना कोस्टेलनिकचं एक पत्र माझ्याकडे बेचाळीस वर्षं बिनउत्तराचं पडून आहे. चोपन्न सालच्या नोव्हेंबरातलं. "एलवुड, माझ्या अंकातली नऊ ते चौदा ही पानं कुणालाच मिळाली नाहीत. काय झालं, एवढं कळव."

विज्ञानकथांच्या पासष्ट चाहत्यांचं आमचं मंडळ होतं. प्रत्येकानं आपला अंक घरीच सायक्लोस्टाइल करायचा, सगळ्या प्रती मला टोलेडोला पाठवायच्या आणि मी गठ्ठे बांधून त्या सगळ्यांना टपालानं धाडायच्या. स्वतःच्या अंकाची प्रतसुद्धा ज्याला त्याला गठ्ठ्यातूनच मिळे.

त्या पानांवरच्या व्हर्नाच्या कथेत अंतराळयानातली एक यंत्रज्ञ बाई आणि तिचा सहकारी नऊ वर्षांच्या प्रवासात जवळ येतात. अंथरुणात. तिनं काही झाकून लिहिलं नव्हतं. असलं लिहावं की नाही, यावर मंडळात वर्षभर पत्रापत्री चालू होती. मी दोन्ही बाजूंना 'तुमचंही खरं आहे' असं कळवत होतो.

ऑरिन पेल्की तेव्हा गठ्ठे बांधायला माझ्या तळघरात आला होता. त्यानं ती पानं चाळली.

"हे पाठवणार तू?"

"कथा चांगली आहे रे."

"असेल. आपल्यातली बारा पोरं अजून शाळेत आहेत, त्यांच्या आया पाकिटं फोडतात. असला मजकूर टपालानं पाठवणं गुन्हा आहे. एकीनं पोस्टात तक्रार केली, तर गठ्ठ्यावर नाव कुणाचं?"

"माझं."

"मग बस तुरुंगात चांगल्या कथा वाचत."

तो गेल्यावर मी एकेका प्रतीची पिन काढली आणि पासष्ट प्रतींतली सहा-सहा पानं घर तापवायच्या भट्टीत घातली. त्याआधी ती तीनदा वाचली. आमच्यातले बरेचजण कथा कागदावर लिहीतच नसत, थेट स्टेन्सिलवर टाइप करत आणि छापून झाल्यावर स्टेन्सिल फेकून देत. व्हर्नाही त्यातलीच. हे मला माहीत होतं. पानं जळताना माहीत होतं.

गेल्या महिन्यात ऑरिनचा फोन आला.

"आहेस का अजून, म्हाताऱ्या? व्हर्ना डेटनला इस्पितळात आहे. फार दिवस नाहीत. तिची भाची तिच्या कथांचं पुस्तक काढतेय आणि ही बया एकच कथा मागत बसलीय. कुणाकडे तरी प्रत असेल म्हणते."

"तू सांगितलंस तिला?"

"मी का सांगू? जाळलीस तू. मी नुसता घाबरवून घरी गेलो होतो."

मी कथा आठवून लिहायला बसलो. एकोणीस दिवस. प्रसंग सगळे आठवत होते, एक सोडून वाक्यं आठवत नव्हती. जे कागदावर उतरत होतं ते माझंच, भित्र्या माणसाचं. दर वळणावर दिवा मालवणारं. तरी विसाव्या दिवशी सहा पानं टाइप केली. जुनी प्रत सापडली म्हणून पाठवायची, असं ठरवलं होतं. आजारी बाईला कळलंही नसतं. मग तिनं हे आपलंच म्हणून वाचलं असतं आणि आपण असलं मिळमिळीत लिहीत होतो, असं मानून डोळे मिटले असते. ती पानं मी फाडली.

तेवढ्यात ऑरिनचा पुन्हा फोन. "काल तिनं मला ओळखलं नाही. काय करायचंय ते आज कर."

मी लिहिलं:

"व्हर्ना, तुझी पानं मी जाळली. एकही प्रत उरलेली नाही, शोधू नकोस. मंडळाला विचारलं नाही, तुला विचारलं नाही. मला भीती वाटली. कथा मंडळातल्या कुणाच्याही कथेपेक्षा चांगली होती आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं. एक वाक्य मात्र आठवतं, ते तुझंच आहे, याची खात्री आहे: 'त्याच्या खांद्याला ओल्या लोखंडाचा वास येत होता, आणि तिला तो हवा होता.' बाकीचं माझ्यामुळे गेलं."

क्षमा मागणारी ओळ दोनदा लिहिली, दोनदा खोडली. ती मागायचा हक्क मला आहे की नाही, हे ठरेना.

टपालकचेरीत खिडकीतल्या बाईला विचारलं, "डेटनला उद्या पोचेल?"

"परवा, आजोबा. आजची गाडी गेली."

मी पाकीट तिच्या हातात दिलं.